प्लॅस्टिकची डबी नको, पुठ्ठ्याचे पाकीट

मी, श्रीमती शिवगंगा आनंदराज हालकुडे, वय एकाहत्तर, शिक्षण बी. ए., व्यवसाय कॅसेट व सीडी प्रकाशन, राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मुलाने गेल्या दिवाळीत दाब टाकून पाहिला, तो फसला. हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही, तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र याने रद्द समजावे.

वकिलांनी मला एक तयार मसुदा दिला होता. त्यात घर, ठेवी, दागिने आणि शेवटी "इतर किरकोळ वस्तू" असे होते. मला त्या किरकोळ वस्तूंबद्दलच लिहायचे आहे, म्हणून मसुदा परत केला.

कलम १. घर. नांदेडचे माझे घर, खालच्या दुकानाच्या गाळ्यासह, मुलगा हरिओम यास द्यावे. त्याचा लातूरला फ्लेक्स छापण्याचा धंदा आहे आणि मोकळी भिंत दिसली की त्याचा हात शिवशिवतो. माझ्या घराच्या कोणत्याही भिंतीवर, गच्चीवर किंवा कठड्यावर कुणाच्याही वाढदिवसाचा फलक लावू नये. मी वारले त्या दिवशीही लावू नये. माझा फोटो, खाली हात जोडलेले दहा चेहरे आणि "शोकाकुल" असा फलक चौकात दिसला, तर सून आरती हिने तो उतरवून त्याचे पायपुसणे करावे. तसा अधिकार तिला या कलमाने देत आहे.

कलम २. ठेवी व दागिने. बँकेत जे आहे ते सून आरती हिच्या नावे. नामनिर्देशन झालेले आहे. पाटल्या व बोरमाळ तिलाच. इष्टलिंग माझ्या हातात ठेवून मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरावे. जंगमस्वामींना वेळेवर निरोप द्यावा, ते उदगीरहून येतात.

कलम ३. अवजारे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र, दोन मायक्रोफोन आणि त्यांचे स्टँड ज्या शाळेला गाण्याचा तास आहे अशा एखाद्या शाळेला द्यावेत. शाळा आरतीने शोधावी. ती स्वतः शिक्षिका आहे, तिला खऱ्या आणि खोट्या गाण्याच्या तासातला फरक कळतो.

कागद कापण्याचे यंत्र माझे दीर देविदास यांना द्यावे. ते यंत्र त्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे. कसे, ते पुढे येईल.

कलम ४. आता माझी खरी मालमत्ता, म्हणजे लोखंडी पेटीत उरलेल्या दोन मूळ टेपा आणि त्यांचे सर्व हक्क. हे कलम लांब आहे. वकिलांनी आटोपशीर लिहा म्हणून सांगितले होते. मी आयुष्यभर आटोपशीरच लिहिले. कॅसेटच्या पाठीवर बोटभर रुंद जागा असते. तेवढ्यात गाण्याचे नाव, गाणारीचे नाव आणि गाव बसवावे लागे. या एका कागदावर मला ऐसपैस लिहू द्यावे.

माझे वडील मलप्पा यांचे उदगीरला कापडाचे दुकान होते. घरात कानडी, दुकानात मराठी आणि वसुलीला उर्दू बोलत. मला त्यांनी बी. ए. पर्यंत शिकवले, कारण मुलगी हिशेबाला बसली तर गुमास्ता ठेवावा लागणार नाही असे त्यांना वाटले. हिशेबाला मी बसले ती सासरी. पती आनंदराज यांचा नांदेडात लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्नसराईत ते रोज एका गावी. लग्नात लावायला आपल्या बायकांची गाणी कुठेच विकत मिळत नाहीत, सगळी बाहेरची मिळतात, ही तक्रार ते जेवताना करीत. एके दिवशी मी म्हटले, तक्रार पुरे, यंत्र आणा. त्यांनी आणले. अशा रीतीने "हालकुडे ध्वनिमुद्रण" सुरू झाले. गाणी मी निवडली, गाणाऱ्या मी शोधल्या, कव्हर मी ठरवली. यंत्र ते चालवीत आणि चहा करीत. असा नवरा सगळ्यांना मिळत नाही. हेही इथेच नोंदवते, एरवी कुठे लिहिणार.

आमच्या भागात कव्हराची एक रीत आहे. ज्याने पैसा घातला, त्याचा चेहरा मोठा. भजनी मंडळाची कॅसेट निघाली की वर देव, देवाच्या दोन्ही बाजूंना सौजन्य करणारे, खाली शुभेच्छुक, आणि गाणारा असलाच तर कोपऱ्यात, तिकिटाएवढा. मी ती रीत पाळली नाही. माझ्याकडे गाणाऱ्याचा चेहरा मोठा आणि बाकी कुणाचाच नाही. त्यामुळे सौजन्य करणारे माझ्याकडे फिरकले नाहीत आणि धंदा कधी मोठा झाला नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही.

कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. तेव्हा इस्लापूरच्या चांगुणाबाई माझ्याकडे आल्या. शेतकरी घरच्या. हळदीची गाणी, आणि विहिणीला शिव्या देण्याची गाणी, असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. त्या विधवा होत्या. हळदीच्या मांडवात विधवेने पुढे बसायचे नाही, सवाष्णींनी बसायचे, ही रीत इथे सर्वांना ठाऊक आहे, समजावून सांगायला नको. त्यांच्या गावात मात्र त्यांच्याशिवाय हळदीला रंग येत नसे. म्हणून त्यांना स्वयंपाकघराच्या दाराआड बसवीत, आणि त्या तिथून गात. मी त्यांना खुर्चीवर बसवून मायक्रोफोन पुढे ठेवला, तर त्या उठून दाराआड जाऊ लागल्या. मी म्हटले, इथे दाराआड बसायचे नाही. त्या म्हणाल्या, "बाई, समोर कुनी असलं की माझा आवाज निघत न्हाई." मग आनंदराज भिंतीकडे तोंड करून बसले आणि गाणी झाली.

कव्हराचे काम देविदासकडे होते. ते लातूरला दुकानांच्या पाट्या रंगवीत, पुढे संगणक शिकले. मी चांगुणाबाईंचा फोटो त्यांना दिला, सोबत निगेटिव्हही दिली. छापून गठ्ठे आले. वरती चांगुणाबाई, आणि त्यांच्या कपाळावर रुपयाएवढे कुंकू.

"हे काय आहे?" मी विचारले.

"वैनी, हळदीचं कव्हर हाय. कपाळ मोकळं लई उदास दिसून राहिलं होतं. जरा शोभा आणली."

"त्यांना विचारलं?"

"त्यांना काय विचारायचं? फुकट केलं, पैसे लावले न्हाईत त्याचे."

त्याच आठवड्यात चांगुणाबाई सीडी न्यायला आल्या. कव्हर हातात घेऊन खूप वेळ पाहिले. म्हणाल्या, "ही बाई कोन हाय?" मग म्हणाल्या, "माझा मालक जाऊन अकरा वर्सं झाली. ही चकती गावात गेली तर लोकं म्हनतील, बया दुसऱ्याची झाली आन आमाला पत्ता न्हाई." त्या हसत होत्या, पण कव्हर त्यांनी उलटे करून ठेवले.

ते सगळे गठ्ठे मी देविदासच्या समोर कागद कापण्याच्या त्या यंत्रावर कापले. "निगेटिव्ह कुठे आहे" विचारले, तर ती त्यांनी हरवली होती. आजवर त्यांनी त्याबद्दल एक शब्द उच्चारलेला नाही. म्हणून यंत्र त्यांना. रोज समोर असावे.

नवा फोटो काढून, मोकळ्या कपाळाचा, मी दुसरे कव्हर छापले. सीडी नेहमीच्या प्लॅस्टिकच्या डबीत घातल्या आणि कव्हर डबीच्या झाकणात सरकवले. इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. प्लॅस्टिकच्या डबीतले कव्हर हे सुटे कार्ड असते. नखाने ओढले की बाहेर येते आणि त्या जागी दुसरे बसते. महिनाभराने मी धर्माबादला एका व्यापाऱ्याकडे गेले. फळीवर माझ्या डब्या ओळीने उभ्या. प्रत्येकीत कॅलेंडरवरची नवरी, मुंडावळ्या बांधलेली. चांगुणाबाई केराच्या टोपलीत.

व्यापारी म्हणाला, "बाई, गुस्सा करू नका. गिऱ्हाईक डबी उचलतंय, कव्हर बघतंय आन ठेवून देतंय. हळदीला असं कपाळ कोन घरी नेईल? नवरी लावली तवा माल गेला. गानं तर तेच हाय ना?"

मी उरलेला माल परत नेला. पण तोवर गाणे गावोगावी गेले होते. एका सीडीवरून दुसरी, दुसरीवरून पेन ड्राइव्ह, आणि आता मोबाईल. तिकडे धर्माबाद, नायगाव, इकडे लातूरपर्यंत हळदीच्या मांडवात चांगुणाबाईंचा आवाज लागतो. कुणाचा आवाज, ते कुणाला माहीत नाही. नवरीचे चित्र मात्र सगळ्यांनी पाहिले आहे.

हरिओमचे लग्न लातूरला झाले. दोघांची हळद एकाच मांडवात होती. तोवर मीही विधवा झाले होते. आमच्यात कपाळाला विभूती असते, ती कुणी पुसत नाही, एवढे बरे. तरीही देविदासची बायको जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुम्ही जरा मागं व्हा, हळद लागून राहिली." मी मागे झाले. तिथे चांगुणाबाई आधीच उभ्या होत्या, मीच त्यांना आग्रहाने बोलावले होते. पुढे स्पीकरवर त्यांचेच गाणे लागले होते. नवरीकडची एक बाई टाळ्या वाजवीत म्हणाली, "काय आवाज हाय बया, अस्सल सवाष्णीचा!"

चांगुणाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "सवाष्ण होते तवा एवढं बरं गात नव्हते."

लग्नानंतर आरतीने मला विचारले, "आई, हळदीला लावलेलं गाणं कुणाचं होतं?"

मी सांगितले.

"त्या तर मागं उभ्या होत्या."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीही."

"मला तेव्हाच सांगायचं होतंत."

"हळदीच्या पाटावरून उठता येत नाही."

"मग पाट मागं आणला असता," ती म्हणाली.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याचा अधिकार मी सून आरतीला देत आहे. मुलाला का नाही, असे हरिओम विचारील. त्याचे उत्तर वरील ओळीत आहे.

कलम ५. गेल्या दिवाळीचा दाब. चांगुणाबाईंची दुसरी सीडी, विहिणीच्या शिव्यांची, पहिलीबरोबरच मुद्रित झाली आहे आणि आजवर प्रकाशित नाही. दोन्ही मिळून एक संच काढावा असे मी ठरवले. हरिओम म्हणाला, "आई, आता सीडी कोण घेतं? गाडीत सुद्धा यंत्र नाही राहिलं. सरळ मोबाईलवर टाकू." मोबाईलवर काय होते ते मी त्यालाच दाखवायला लावले. चांगुणाबाईंचे गाणे कुणीतरी आधीच टाकलेले होते. नखाएवढा चौकोन, त्यात पुन्हा कुणीतरी नवरी. नखाएवढ्या चौकोनात कुणालाही बसवता येते आणि दुसऱ्या दिवशी उठवता येते. मला हातात धरता येईल अशी वस्तू हवी आहे. मांडववाले अजून सीडी ठेवतात, त्यांच्यामार्फत ती घरोघर द्यावी, असा माझा विचार आहे.

मग त्याने तोडगा काढला. कार्ड दोन्ही बाजूंनी छापायचे. एकीकडे चांगुणाबाई, दुसरीकडे नवरी. ज्याला जी बाजू हवी ती त्याने झाकणाला लावावी. "कुणाचंच मन दुखत नाही," तो म्हणाला. मुलगा हुशार आहे, हे मी कबूल करते. पण ते कार्ड उलटवले की चांगुणाबाईंचे तोंड डबीच्या आत, चकतीकडे. आधी दाराआड बसत होत्या, आता डबीत बसल्या असत्या.

म्हणून मी प्लॅस्टिकची डबीच सोडली. माझा निर्णय असा आहे: पाकीट जाड पुठ्ठ्याचे, एकाच तुकड्याचे, घडी घालून चिकटवलेले असावे. चित्र पुठ्ठ्यावरच छापावे, सुटे कार्ड नको. चेहरा काढायचा तर पाकीट फाडावे लागेल, आणि पाकीट फाडले तर चकती उघडी पडेल. पुठ्ठ्यात चकतीला ओरखडे पडतात, हे मला ठाऊक आहे. पडू द्यावेत.

हरिओमचे म्हणणे, पुठ्ठा मांडवात टिकणार नाही, हळदीचे हात लागतील, चेहऱ्यावर डाग पडतील, निदान वरून लॅमिनेशन तरी कर. पाकिटावर लॅमिनेशन करू नये. हळदीचे हात लागले तर लागू द्यावेत.

चित्रात काहीही वाढवू नये, काहीही पुसू नये. कपाळ जसे आहे तसे. सौजन्य, शुभेच्छुक, देव, नेता, नवरी, कळस, फुलांची चौकट यांपैकी काही नको. अक्षरे दोनच ओळी: वर "चांगुणाबाई, इस्लापूर", खाली "हळदीची आणि विहिणीची गाणी". माझे नाव मागे, बारीक.

कलम ६. इथवर लिहून मला वाटले होते की काम संपले. मग आरती म्हणाली, "आई, त्यांना विचारलं का?" हाच प्रश्न मी देविदासला विचारला होता. म्हणून गेल्या महिन्यात आरतीला घेऊन मी इस्लापूरला गेले. कव्हराचा जुना फोटो पुसट झाला होता, म्हणून शीलाने, म्हणजे चांगुणाबाईंच्या नातीने, त्यांचा नवा फोटो मोबाईलवर काढून आधीच पाठवला होता. तो लावून दोन नमुने तयार केले, एक डबीचा, एक पुठ्ठ्याचा, आणि सोबत घेतले.

चांगुणाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "बाई, या वयात एवढ्या लांब कामून आल्या? फोन करायचा न्हाई का?"

"फोनवर पाकीट हातात देता येत नाही," मी म्हटले.

त्यांनी डबीतले कार्ड काढून पाहिले, परत घातले. मग पुठ्ठ्याच्या पाकिटाला सगळ्या बाजूंनी नख लावून पाहिले. "हे निघंना की."

"निघू नये म्हणूनच केलंय."

"आन लोकांस्नी मी नको असले तर?"

"तर गाणंही मिळणार नाही."

त्यांनी पाकीट शेंगांच्या सुपात ठेवले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमाला इज्जतीची पडली हाय. मला गान्याची पडली. आत्ता माझं गानं म्होरं जातंय आन मी मागं हाय. चालतंय मला. तुम्ही मला म्होरं काढलं, आन गानं बी माझ्यासंगं मागं आलं तर?"

कदाचित त्या म्हणतात तसेच होईल. चेहरा दिसेल आणि दुसऱ्या लग्नसराईपासून ते गाणे कुणी लावणार नाही.

शीला शेजारी बसून शेंगाच सोलत होती. तिचे लग्न येत्या वैशाखात आहे. ती म्हणाली, "आज्जी, मग माझ्या हळदीला काय लावायचं? डीजे?"

"लाव की. तुझा बाप तर तेच म्हनतोय."

"मी हळद लावून घेनार न्हाई. तू म्होरं बसल्याबिगर न्हाईच."

"गप बस. नवरदेवाकडची मानसं उठून गेली मंजी?"

"जाऊ दे. जेवन उरंल तेवढंच."

"बगा बाई, कशी बोलून राहिली ही! सासू काय म्हनंल हिला?"

"सासूला शिव्या द्यायला तर तुझी दुसरी चकती हाय ना," शीला म्हणाली, आणि आरती इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

निघताना चांगुणाबाईंनी डबी माझ्या हातात दिली. "हे पिलास्टिकचं तुम्ही न्या. हे पुठ्ठ्याचं ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ."

"म्हणजे हो समजू?"

"ऱ्हाऊ द्या म्हनले. हो कुटं म्हनले?"

वकिलांच्या मते एवढ्यावर संमती धरायला हरकत नाही, कारण हक्क कागदोपत्री माझेच आहेत. मी ती धरत नाही. चांगुणाबाईंच्या चेहऱ्याबद्दल आजवर देविदासने ठरवले, व्यापाऱ्याने ठरवले, हरिओमने ठरवले, आणि मीही ठरवले. मी चांगल्यासाठी ठरवले, हे खरे. देविदासलाही शोभाच आणायची होती.

म्हणून असे लिहिते. दोन्ही सीडींच्या मूळ टेपा आणि त्यांचे सर्व हक्क माझ्या पश्चात चांगुणाबाईंचे, आणि त्यांच्यानंतर शीलाचे. संच छापण्याचा खर्च माझ्या ठेवींतून आरतीने करावा. चांगुणाबाई हो म्हणतील तर कलम ५ प्रमाणे छापावे, त्यात काडीचाही बदल करू नये. त्या नाही म्हणतील तर छापू नये, आणि पेटी तशीच त्यांच्या घरी पोचवावी. त्या काहीच बोलल्या नाहीत, तर वाट पाहावी. कुणीही त्यांना घाई करू नये. हरिओमने फोन करू नये.

कलम ७. हे कलम आज, सह्या करण्याच्या दिवशी, साक्षीदार येऊन बसल्यावर वाढवीत आहे. मघाशी शीलाच्या मोबाईलवरून चांगुणाबाईंचा फोन आला. मोबाईल मोठ्या आवाजात ठेवला होता, त्यामुळे बोलणे दोन्ही साक्षीदारांनी ऐकले.

"बाई, त्या पाकिटावरचा माझा फोटू पक्का हाय का?"

"तुम्ही म्हणाल तर पक्का."

"त्यात माझा म्होरचा दात न्हाई."

मी म्हटले, नसला तर नसू द्या, फोटो जसा आहे तसाच जाईल, मी कागदावर तसे लिहिले आहे.

"कागूद ऱ्हाऊ द्या. मी ती गानी म्हनले तवा दात होता की न्हाई?"

"होता."

"कुकू होतं?"

"नव्हतं."

"मंग? जी बाई गायली तीच छापा. दात बसवा, कपाळ तसंच ऱ्हाऊ द्या."

मी विचारले, "म्हणजे छापायचं?"

"दात बसवला तर छापा. इतके दिस ते पाकीट उतरंडीवर ठिवलंय, येनारंजानारं बगून राहिलं. परवा माझी जावच म्हनली, चांगुणे, तुझा दात पडलेला दिसतोय. कपाळाचं कुनी काई म्हनलं न्हाई."

"आणि शीलाच्या हळदीला पुढे बसणार?"

"ते वैशाखात बगू. आदी पाकीट तर म्होरं बसू द्या."

तरी कलम ५ मधील "काहीही वाढवू नये" या अटीला एक अपवाद करीत आहे. चांगुणाबाईंचा वरचा, पुढचा, डावीकडील एक दात संगणकावर बसवावा. बसवताना तो बाकीच्या दातांइतकाच पिवळा असावा. हे काम हरिओमनेच करावे, त्याचा हात त्यात चांगला आहे. छापण्याआधी नमुना इस्लापूरला नेऊन दाखवावा. फोनवर पाठवू नये. मी असले तर मी नेईन, नसले तर आरती.

एवढे लिहून मी हे मृत्युपत्र पुरे करते. वाचून पाहिले, पटले, म्हणून सही करीत आहे.

सही: शिवगंगा आनंदराज हालकुडे

श्रीमती हालकुडे यांनी आमच्या डोळ्यांसमोर वरीलप्रमाणे सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर. कलम ७ मधील फोन आम्ही दोघांनी ऐकला. या मृत्युपत्रातून आम्हांला काही मिळत नाही, चहा मिळाला.

साक्षीदार १: दयानंद सटवाजी वडजे, कागदाचे व्यापारी, नांदेड
साक्षीदार २: शांतम्मा बसवंतराव बिराजदार, शेजारीण, नांदेड

स्थळ: नांदेड
दिनांक: ११ डिसेंबर २०२५